भाडेकरूची काटकसर आणि मालकाचे छप्पर

निसर्गाला न ओरबाडता जगावे, पाणी, वीज, जळण जपून वापरावे, कचरा थोडा करावा, या विषयावर हल्ली व्याख्यानांना तोटा नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी याच विषयावर बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा आम्ही ती मान्य केली. मात्र एक अट घातली. ही व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत आणि ती बहुतेक घरमालकाला उद्देशून असतात. अंगणात झाड लावा, परसात शोषखड्डा खणा, गच्चीवर पाणी तापवण्याचा सौरबंब बसवा, पन्हाळीचे पाणी विहिरीत सोडा. उपदेश उत्तम आहे. पण समोर बसलेल्यांत पुष्कळ मंडळी अशी असतात की ज्यांना अंगण नाही, परस नाही आणि गच्चीच्या दाराला मालकाचे कुलूप आहे. एस.टी.चा कंडक्टर, सरकारी दवाखान्यातली परिचारिका, जिनिंगमधला हमाल, बदलीवर आलेला मास्तर, दुकानातला मुनीम, ही सगळी भाड्याच्या खोलीतली माणसे. यांनी काय करावे? तेव्हा आम्ही बोलू ते भाडेकरूविषयी बोलू, आणि बोलू ते इतिहासाच्या अंगाने, ही आमची अट. कामगार संघटनेत तीस वर्षे काढताना आमचा निम्मा वेळ पगाराच्या भांडणात गेला आणि उरलेला निम्मा खोलीच्या भांडणात. तेव्हा हा विषय आम्हांस परका नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्यात भाड्याची खोली आली कोठून ते पाहू.

वऱ्हाडातले जुने घर धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर काड्याकामट्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप. वैशाखात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश ऊन असताना धाब्याखाली माणूस दुपारी झोपू शके. पण या घराला एक खर्च होता. दरसाल मृगाआधी वर चढून माती टाकावी, चोपावी, उतार काढावा, नाहीतर पावसाळ्यात घर गळणार. ज्याचे घर तो हे करी, कारण खाली झोपणारा तोच होता.

पुढे कापसाचा काळ आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाववरून नागपूरकडे आगगाडी गेली. १८७० साली जलंबपासून खामगावला स्वतंत्र फाटा निघाला आणि त्या समारंभास प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. खामगाव हा त्या काळी हिंदुस्थानातल्या अग्रगण्य कापूसबाजारांपैकी एक. बाजारामागून सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे कारखाने आले, आणि कारखान्यांमागून हंगामी मजूर आला. दिवाळी झाली की यायचा, शिमग्याला परतायचा. या माणसाला घर नको होते, चार महिन्यांचा आसरा हवा होता. मग ज्यांच्याजवळ मोकळी जागा होती त्यांनी ओळीने खोल्या काढल्या. अर्ध्या विटेची भिंत आणि वर टिनपत्रा. हळूहळू हंगामी माणूस बारमाही झाला, पण खोली मात्र हंगामीच राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धाबे जाऊन टिन आले ते टिन चांगले म्हणून आले नाही. टिनावर दरसाल माती टाकावी लागत नाही, म्हणून आले. मालकाचा वर्षाचा खर्च वाचला आणि त्याचा मोबदला भाडेकरूने उन्हात भरला. पुढे पंखा आला, कूलर आला, तेव्हा तो मोबदला विजेच्या बिलात भरला जाऊ लागला. घर बांधण्याचा खर्च एकाचा आणि त्या घरात जगण्याचा खर्च दुसऱ्याचा, अशी वाटणी ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून आपला हा प्रश्न सुरू झाला. विजेची नासाडी, पाण्याची गळती, धुराने काळी झालेली भिंत, काहीही घ्या. मुळाशी बहुधा हीच वाटणी सापडते.

या खोल्यांत लोक राहिले कसे, हेही सांगितले पाहिजे. चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत, म्हणजे शेताने टाकून दिलेले जळण. भांडी राखेने घासली जात. फाटक्या लुगड्यांची वाकळ होई आणि वाकळ फाटली की पायपुसणे होई. जुने कपडे भांडेवालीकडे जात, रद्दी वाण्याच्या पुड्यांना जाई, बाटल्या बाटलीवाल्याकडे. खोलीतून उकिरड्यावर जाण्याजोगे फारसे काही उरतच नसे. आज कोणी पाहुणा येऊन हे पाहील तर म्हणेल, हे तर आदर्श जीवन! आम्ही त्याला म्हणू, गृहस्था, जरा थांब. त्या पऱ्हाटीच्या धुराने किती बायकांचे डोळे गेले आणि किती जणींचा खोकला मरेपर्यंत सुटला नाही, हे आम्ही पाहिले आहे. कमी वापरणे हा तेथे निवडीचा भाग नव्हता. गरिबीच्या गळ्यात निसर्गप्रेमाचा हार घालण्याची जी नवी रीत निघाली आहे, ती आम्हांस मान्य नाही. पण त्या राहणीतले कौशल्य खरे होते, आणि ते टाकून देण्यासारखे नाही, एवढे मात्र आम्ही म्हणतो.

आता थोडे मुंबईकडे वळू. भाड्याच्या खोलीचा मोठा इतिहास तेथे घडला आहे, आणि त्यात वऱ्हाडच्या कापसाचाही वाटा आहे. तो कसा, ते ओघात येईलच.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. तोपर्यंत गिरणगावातल्या चाळींकडे कोणी पाहिले नव्हते. एका खोलीत दहा-दहा माणसे, उजेड नाही, वारा नाही, शेजारून वाहणारे गटार. प्लेगने घाबरलेले सरकार चाळींत शिरले, घरांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगवू लागले आणि छपराची कौले काढून आत ऊन पाडू लागले. ऊन आणि वारा यांनी रोग हटतो हे खरे. पण चाळ बांधतानाच भिंतीत खिडकी ठेवण्याची सक्ती मालकावर केली असती, तर कौले काढण्याची वेळ आली नसती. मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ मध्ये उभी करणारे, कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे या साथीत रुग्णांच्या सेवेत होते, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. आमच्या चळवळीतली पिढ्यानपिढ्यांची मंडळी लोखंड्यांचे नाव सुट्टीसाठी घेतात. आम्हांस त्यांचा शेवट अधिक मोलाचा वाटतो. कामगाराची खोली हाही संघटनेचा विषय आहे, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, करून दाखवले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीतल्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची वीसएक वर्षे काढली, हे आपणांस ठाऊक आहेच. पुढे पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या वेळी, १९२० मध्ये, डेव्हलपमेंट खाते निघाले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा बेत होता. पैसा कोठून आणावा? तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया पट्टी बसवली. म्हणजे खामगाव-मलकापूरच्या गाठी जेव्हा मुंबई बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांनीही वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथल्या बी.डी.डी. चाळींना आपापला रुपया दिला आहे. पन्नास हजार खोल्या काही झाल्या नाहीत. २०७ चाळी आणि साडेसोळा हजार खोल्यांवर काम थांबले. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, मजल्यावर वीस खोल्या, नळ आणि शौचकूप सामायिक. भाडे परवडेना आणि सोयी पुऱ्या नाहीत, म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. सत्याग्रहाच्या दिवसांत सरकारने वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला, यावरून त्या बांधणाऱ्यांचे मन ओळखावे. आता त्या चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत.

या चाळींत पाणी येई ते डोंगरातून. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. त्याआधी मुंबईची तहान वाड्यावाड्यांतल्या विहिरी भागवीत. १९११ च्या हिवतापावरील अहवालानंतर डासांची पैदास होते म्हणून अशा अनेक विहिरी बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. रोग हटवण्यासाठी ते करावे लागले असेल, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. परंतु परिणाम असा झाला की घराखालचे पाणी तुटले आणि माणूस दूरच्या तलावाला आणि पहाटेच्या नळाला बांधला गेला. नळ ठरल्या वेळी येणार, मजल्याला एक-दोनच, त्यामुळे पिंप भरून ठेवणे आले आणि मोजून वापरणे आले. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी फरशीला, उरलेले गॅलरीतल्या डब्यातल्या तुळशीला. कोणाचे पिंप वाहून गेले तर सारा मजला बोंब ठोकी. शेजाऱ्याची नजर हेच चाळीतले पाण्याचे मीटर.

पण सामायिकपणाचा खरा चमत्कार नळापेक्षा खानावळीत दिसतो, आणि त्यावर आम्ही जरा थांबणार आहोत.

कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे, बायको-मुले गावी. अशी दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने एका खोलीत झोपत. त्यांनी प्रत्येकाने स्टोव्ह पेटवला असता तर चाळी जळून गेल्या असत्या. त्यांचा स्वयंपाक करी खानावळवाली बाई. एका चुलीवर, एका मोठ्या पातेल्यात वीस-तीस माणसांचा भात. जळणाचा हिशेब ज्याने केला आहे त्याला कळेल की तीस माणसांचा भात एका चुलीवर शिजवायला तीस चुलींच्या जळणाचा लहानसाच भाग लागतो. अन्नही वाया जात नसे, कारण किती माणसे जेवणार हे बाईला पानासुद्धा ठाऊक. गिरणगावाने इतकी वर्षे जी काटकसर केली ती कोणत्याही यंत्राने नव्हे, या बायकांनी केली. त्यांना मिळाले काय? धूर, पहाटे चारला उठणे आणि सावकाराचे व्याज. धान्य उधारीवर आणायचे, कामगाराचा पगार झाला की पैसे, आणि संप झाला की तेही नाहीत. कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांची संघटना बांधली, ती अन्नपूर्णा महिला मंडळ. बँका १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या. प्रेमाताईंनी या खानावळवाल्यांना बँकेच्या दारात नेऊन उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. चूल तीच, पातेले तेच, पण बाईच्या हातात चार पैसे राहू लागले. काटकसर करणाऱ्यालाच काटकसरीचा लाभ झाला, असे इतिहासात क्वचित घडते. हे त्यांतले एक.

तसेच दुसरे उदाहरण मृणाल गोरे यांचे. गोरेगावच्या वस्त्यांत नळच नव्हते. मृणालताईंनी बायकांना घेऊन मोर्चे काढले, कचेऱ्यांत हंडे आपटले आणि पाणी आणले, म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ च्या महागाईत लाटणी घेऊन निघालेल्या बायकांत याच खोल्यांतल्या बायका होत्या. खोलीतली बाई पाणी वाचवते ते घरात, आणि मिळवते ते रस्त्यावर, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

आता कायद्याकडे येऊ. श्रोत्यांना कंटाळा येईल, पण या विषयाची किल्ली तेथेच आहे. आम्हांस शाळा फार लाभली नाही. कायदा आम्ही वाचनालयात बसून आणि वकिलांच्या ओसरीवर उभे राहून शिकलो, त्यामुळे तो सोपा करून सांगण्याची सवय आहे.

मुंबई इलाख्यात १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. आपले वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात होते. आपल्याकडे १९४९ चा स्वतंत्र हुकूम लागू झाला, मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण हुकूम. त्यातले तेरावे कलम आमच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांना पाठ असे. नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज मालकाला भाडेकरूस नोटीसच देता येत नसे. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण खामगाव-बुलढाण्याचा भाडेकरू पुढे चाळीस वर्षे त्या जुन्या नागपुरी हुकुमाखालीच राहिला. ३१ मार्च २००० रोजी नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला, तेव्हा तो संपला.

या कायद्यांनी गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू. पण त्यांची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. भाडे वाढत नाही, मग मालक दुरुस्ती करीना. पाण्याचा नळ वर्षानुवर्षे ठिबके, पन्हाळ फुटे, गटार तुंबे. मुंबईत घरे कोसळू लागली, तेव्हा सरकारला १९६९ चा कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावे लागले आणि एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. आपल्या गावांना तेही नव्हते. भाडेकरू म्हणे, घर मालकाचे. मालक म्हणे, राहतो कोण? दोघांच्या मध्ये पाणी ठिबकत राही.

१९९९ च्या कायद्याने यावर थोडे औषध दिले आहे. घर राहण्यालायक ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. त्याने टाळाटाळ केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा अधिक नाही. हे चौदावे कलम. आमचा अनुभव असा की शंभर भाडेकरूंत पाचांनाही ते ठाऊक नसते. आणखी एक मौज पाहा. मालकाच्या लेखी परवानगीवाचून पक्के बांधकाम केले तर भाडेकरूला घर सोडावे लागते. पण कायदा सांगतो की काही गोष्टी पक्के बांधकाम धरू नयेत. कोणत्या? लाकडी पडदी, उभ्याचा ओटा, दार, जाळी, वाऱ्यासाठी खिडकी, खोटे छत, धूर जाण्याचे धुराडे आणि वातानुकूल यंत्र! धूर आणि वारा कायद्याला आठवला, ही प्लेगच्या काळची पुण्याई म्हणावी. वीज खाणारे यंत्रही आठवले. पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आणि गच्चीवरचा सौरबंब मात्र त्या यादीत आले नाहीत.

आणि ही यादीसुद्धा कोणासाठी? कायद्याने जो भाडेकरू आहे त्याच्यासाठी. आज आपल्या जिल्ह्यात फ्लॅटमध्ये राहणारा तरुण अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. आपण त्याला भाडेकरू म्हणतो, पण कागदावर तो केवळ परवानाधारक असतो. मुदत संपली की बाहेर. चौदावे कलम, धुराडे, खिडकी यांतले काही त्याचे नाही. १९४९ चा भाडेकरू हलवता येत नव्हता म्हणून मालक घराकडे पाहीना. आजचा राहणारा अकरा महिन्यांत हलणार म्हणून तो स्वतःच घराकडे पाहीना. झाड लावले तर सावली पुढच्याला. पैसे घालून नळाचे चामडे बदलले तर वाचलेले पाणी पुढच्याचे. अशा माणसाला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

सरकारी योजनांचेही तेच आहे. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटपर्यंतची पटले बसवणाऱ्यास ७८ हजार रुपयांपर्यंत मदत. योजना चांगली आहे. अट एकच, की स्वतःचे घर आणि स्वतःचे छप्पर हवे. टिनाखाली जो भाजतो त्याच्या डोक्यावरचे ऊन मालकाच्या नावावर आहे.

आता आपल्या गावच्या पाण्याचे बोलू. उन्हाळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी असून पिण्याजोगे नाही. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असे केंद्र सरकारचे प्रमाण आहे. ज्या घरी दहा दिवसांनी नळ येतो त्या पाच माणसांच्या घराने त्या प्रमाणाने पावणेसात हजार लिटर साठवायला हवे. भाड्याच्या दोन खोल्यांत एवढे पाणी ठेवले तर माणसांना बाहेर झोपावे लागेल. त्यात वऱ्हाडचा कूलर. मोठा कूलर दुपारभरात तीन-चार बादल्या पाणी सहज पितो. वीज वाचवावी तर कूलर बरा आणि पाणी वाचवावे तर कूलर नको, असा हा पेच आहे. यावर आम्ही टिनाच्या खोलीत राहणाऱ्यांना पहिल्याने सांगतो ते चुन्याचे. फाल्गुनात पत्र्यावर दाट चुन्याचे दोन हात द्यावे. ऊन परत जाते, खोली निवते, कूलर तासभर उशिरा लागतो. खर्च थोडा, मालकाची हरकत नसते, आणि एका उन्हाळ्यात पैसे फिटतात, म्हणून अकरा महिन्यांच्या माणसालाही हे परवडते.

पण पावसाच्या पाण्याला मालक लागतोच. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरची गच्ची असेल तर सत्तर हजार लिटर पाणी तिच्यावरून गटारात जाते. चार कुटुंबांच्या वीस माणसांना रोज पन्नास लिटर धरले तर हे पाणी सत्तर दिवसांचे झाले. सिंदखेडराजाला जाधवांच्या वेळचा मोती तलाव आपण सहलीत पाहतो आणि तोंडात बोटे घालतो. त्या लोकांनीही हाच हिशेब केला होता, फक्त छपराऐवजी डोंगर धरला होता.

याबाबत जिल्ह्यातल्याच एका गावी घडलेली गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेऊ. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. आठ बिऱ्हाडांची इमारत, मालक पुण्यास, आठही जण अकरा महिन्यांच्या करारावर. खाली एक कूपनलिका, ती मार्चमध्ये आटे. मग टँकर, आणि टँकरचे पैसे भाडेकरूंच्या माथी. आमच्या संघटनेचे दोघे कंडक्टर तेथे राहत. त्यांनी आम्हांस बोलावले. आम्ही प्रथम एकच केले, मागल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या गोळा करून बेरीज मांडली. ती पाहून बायकांनीच सभा ताब्यात घेतली. गच्चीच्या पन्हाळी एकत्र करून, गोटे-वाळू-कोळशाच्या गाळणीतून पाणी कूपनलिकेजवळच्या खड्ड्यात सोडायचे ठरले.

मालक आधी मुळीच ऐकेना. त्याची भीती पैशाची नव्हती. भाडेकरूने घरावर पैसा खर्च केला की उद्या तो हक्क सांगेल, ही धास्ती त्याला बापाकडून मिळाली होती. बापाने १९४९ च्या हुकुमाखाली दहा वर्षे एक खोली सोडवण्यात घालवली होती. ही भीती आम्हांस खरी वाटली, म्हणून आम्ही तिच्याशी वाद घातला नाही. करारातच लिहून दिले की या कामाने घरावर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. नळ्या आणि गवंडी यांचा खर्च मालकाचा, तो चार हप्त्यांत भाड्यातून वळता व्हावा. खड्डा खणणे आणि दरसाल मृगाआधी गच्ची झाडून गाळणी धुणे हे राहणाऱ्यांचे. आणि या पाण्याबद्दल भाडे वाढवू नये. या शेवटच्या वाक्यावर तीन आठवडे गेले. मालकाला ते नको होते. बायकांनी सांगितले की ते वाक्य नसेल तर खड्डाही नाही. अखेर ते राहिले.

टँकर अजिबात बंद झाला असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो महिनाभर उशिरा आला आणि निम्म्या फेऱ्यांत भागले. मधल्या काळात दोन बिऱ्हाडे बदलून गेली. नवे आले त्यांना गाळणी कोणी धुवायची हे समजावण्याची गरज पडली नाही, कारण त्यांच्या करारात ते कलम आधीच होते. दस्तलेखकाने ते आपल्या नमुन्यात, वीजबिलाच्या कलमाखाली, कायमचे उतरवून ठेवले आहे.